खोगीरभरती

‘खोगीरभरती’ हा शब्द आपण मराठीत नेहमी नाक मुरडूनच वापरतो. संमेलनातले निम्मे वक्ते म्हणजे खोगीरभरती, समित्यांवरचे निम्मे सभासद म्हणजे खोगीरभरती, आणि दिवाळी अंकांतले काही लेखही... पण ते राहू द्या. संपादकांनी माझा लेख अजून छापायचा आहे. वास्तविक या शब्दाचा मूळ अर्थ अगदी निरुपद्रवी आहे. खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर घालायची गादी. शब्द फारसीतून आला आणि मराठी घोडदळाबरोबर मुलूखभर दौडला. या गादीच्या आत जे काही भरायचे ती खोगीरभरती. आत काय भरले आहे ते वरून कुणाला दिसत नाही, म्हणून हाताला लागेल ते कोंबून मोकळे व्हायचे, असा काहीसा प्रकार होत असावा. आणि त्यापायी बिचारा शब्द बदनाम झाला तो झालाच. त्याच्या बाजूने दोन शब्द बोलावेत असे मला वाटू लागले ते अलीकडेच, आणि तेही एका मोटारसायकलीमुळे.

मराठीच्या प्राध्यापकाने पंचेचाळिशीत मोटारसायकल घ्यावी, हे आपल्याकडे अजून पचत नाही. त्याने फार तर स्कूटर घ्यावी, पुढे भाजीची पिशवी अडकवावी आणि उजवा पाय फुटपाथला टेकून चर्चा करीत उभे राहावे. त्यात मी घ्यायला निघालो होतो ती नुसती फटफटी नव्हे, तर जिला ‘स्पोर्ट टूरर’ म्हणतात ती जात. शर्यतीच्या गाडीवर स्वार टाकीवर जवळजवळ पालथा पडलेला असतो. आरामाच्या गाडीवर तो पाय पुढे सोडून ओसरीवर बसल्यासारखा बसतो. ही या दोघींच्या मधली. अंग किंचित पुढे झुकलेले, पाय किंचित मागे, हात सैल, आणि समोर वारा अडवणारी काच. वळणावर चपळ, पण दिवसभर चालवली तरी माणसाचा चुराडा न करणारी.

या जातीचा मूळपुरुष म्हणून बहुतेक जाणकार बीएमडब्ल्यूच्या १९७६ सालच्या ‘आर १०० आरएस’ या गाडीकडे बोट दाखवतात. तिच्यात इंजिनापेक्षा मोलाचे होते ते तिचे चिलखत. इटलीतल्या पिनिनफरीना यांच्या वातबोगद्यात पारखून घेतलेले ते आवरण स्वाराला वाऱ्यापासून झाकत असे. वारा ही काही साधी गोष्ट नव्हे. ताशी ऐंशी किलोमीटरवरून शंभरावर गेलात की वाऱ्याचा विरोध दीडपटीहून अधिक होतो, आणि त्याला रेटायला लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट. दोन तास छातीवर ही झुंज घेतली की घाट लागण्याआधीच माणूस थकतो, आणि थकलेला माणूस वळणावर चुकतो. तेव्हा काच ही चैन नाही, शहाणपणाची गोष्ट आहे.

निवड करू लागलो तेव्हा पहिला बोध झाला तो आपल्या रस्त्यांचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावरही मज्जाव. म्हणजे ज्या रस्त्यांवर भरधाव पळवता येईल ते दोन्ही आपल्याला बंद! मग गाडीचा कमाल वेग किती, या चर्चेला महाराष्ट्रात अर्थ उरतो तो केवळ चहाच्या टपरीवर. आपल्या वाट्याला येतात ते घाट: वरंधा, ताम्हिणी, कुंभार्ली, आंबोली. तेथे हवा मधल्या वेगातला भरवशाचा जोर, चांगले ब्रेक, आणि हाताला जड न होणारे वजन. ब्रेकची काळजी आता कायद्यानेच पुष्कळशी मिटवली आहे. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचे झाले. निसरड्यावर एकदम ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी ती व्यवस्था.

पैशाचा प्रश्न मात्र कायद्याने अधिक अवघड केला. २२ सप्टेंबर २०२५पासून सरकारने ३५० सीसीवर एक रेघ ओढली. रेघेच्या अलीकडच्या मोटारसायकलीला जीएसटी अठरा टक्के, पलीकडच्या मोटारसायकलीला चाळीस. पूर्वी माणसे नदीच्या अलीकडची आणि पलीकडची असत. आता मोटारसायकली तशा झाल्या. आपल्याच चाकणची उदाहरणार्थ ‘डॉमिनार ४००’ घ्या. २०१६च्या डिसेंबरात ती बाजारात आली, २०१९मध्ये तिची ताकद पस्तीसवरून चाळीस अश्वशक्तीवर गेली, आणि २०२१मध्ये तर उंच काच, हातांपुढचे पडदे, सामानाची घोडी, फोन भरायची सोय, असा प्रवासाचा सारा साज कारखान्यातूनच चढून येऊ लागला. पण तिचे इंजिन ३७३ सीसीचे, म्हणजे तेवीस सीसीपायी ती रेघेच्या पलीकडे गेली! मी शेवटी कोणती घेतली ते सांगत नाही. नाव सांगितले की या लेखाची एक तर जाहिरात होईल, नाही तर तक्रार.

शिवाय निवड खरे पाहता मी केलीच नाही. ती आमच्या सौ.ने केली.

लग्नानंतरची पहिली पाच वर्षे आम्ही दोघांनी शंभर सीसीच्या एका अशक्त मोटारसायकलीवर अर्धे कोकण पालथे घातले होते. पुढे मुलगी झाली, मोटार आली, आणि मागे बसणे संपले. मोटारीत नवरा-बायको शेजारी बसतात खरे, पण बोलतात ते खिडकीबाहेर पाहून. दुचाकीवर तोंडे एकाच दिशेला असतात, बोलणे अर्धे वाऱ्यात जाते, आणि तरीही न बोललेले पुष्कळसे कळते. गेल्या वर्षी मुलगी शिकायला परगावी गेली. घरात दोघेच उरलो आणि पुन्हा निघावेसे वाटू लागले. पण मध्यंतरी सौ.ची कंबर दुखावली होती. मणक्यातली चकती सरकली होती. तीन महिने अंथरूण, त्यानंतर व्यायाम. डॉक्टरांनी परवानगी दिली ती तोलून मापून: हिंडा-फिरा, पण सलग पाऊण-एक तासापलीकडे बसू नका, आणि हादरे टाळा. मला तर या गृहस्थांनी एकाच वाक्यात होकार आणि नकार दोन्ही दिल्यासारखे वाटले.

दुकानातला तरुण उत्साहाने आकडे सांगत होता. सर, इतकी अश्वशक्ती. सर, शून्यापासून शंभरापर्यंत इतके सेकंद. सौ. शांतपणे ऐकत होती. ऐकता ऐकता ती मागच्या सीटवर चढून बसली आणि त्याला म्हणाली, “हे सगळं यांच्यासाठी झालं. माझ्यासाठी काय आहे?” तो गोंधळला. “मॅडम, ग्रॅब रेल आहे ना, धरायला.” ती हसली. चार दुकाने हिंडून तिने पाच गाड्यांवर अशीच बैठक मारली. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांची मागची बैठक पाहून वाटते, कारखानदाराने हा माणूस मागाहून आठवला म्हणून जोडला आहे. उंच, अरुंद, पुढे उतरती. जणू मागचा माणूस हीच खोगीरभरती! शेवटी जिची मागची सीट त्यातल्या त्यात रुंद आणि पाय ठेवायची जागा त्यातल्या त्यात खाली, ती गाडी ठरली.

मग सुरू झाला सजावटीचा काळ. नवी मोटारसायकल घेतलेला माणूस आणि नवे घर बांधलेला माणूस, दोघांनाही सल्ला देणारे आपोआप उगवतात. कुणी म्हणाले, जादा दिवे लाव. कुणी म्हणाले, आधी सायलेन्सर बदल; गाडीला आवाज हवा. या आवाजाच्या हौसेचे पुढे काय होते हे आपण पाहतोच. पोलीस असले सायलेन्सर काढून घेतात आणि रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवतात. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे बावन्नावे कलमही स्पष्ट आहे: नोंदणीच्या कागदावर कारखानदाराने दिलेला जो तपशील आहे, त्याच्याशी विसंगत असा फेरफार मालकाला करता येत नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा हाच अर्थ सांगितला.

मी एक साधा नियम केला. कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी विचारायचे, ही कुणाला दाखवायची आहे? उत्तर ‘लोकांना’ असे आले की ती बाद. या एका चाळणीतून तीनचतुर्थांश बाजार खाली गळला.

जे उरले त्यातले पहिले काम तर फुकटाचे होते. क्लचची आणि ब्रेकची मूठ थोडी खाली फिरवली, म्हणजे मनगट सरळ राहते. गियरचा खटका बुटाच्या उंचीला आणला. पाना घेऊन मागच्या स्प्रिंगचा ताण दोन खाचा वाढवला, कारण मागे माणूस आणि सामान आले की गाडी मागून बसते, पुढचा दिवा झाडांच्या शेंड्यांकडे पाहू लागतो आणि वळणावर चाक नाखुशीने वळते. काच बदलली, पण फार उंच घेतली नाही. पावसात रस्ता काचेतून नव्हे, काचेवरून दिसला पाहिजे, म्हणून तिची वरची कड नजरेच्या खाली हवी. सामानासाठी दोन बाजूंना दोन पिशव्या घेतल्या. आपले वाटसरू खांद्यावर पडशी टाकत, दोन्ही तोंडांत सारखे वजन घालून, तेच शास्त्र. जड वस्तू खाली आणि मध्याजवळ ठेवायच्या. मागे उंच पेटी बसवून तिच्यात दगडधोंडे भरले की सीसॉच्या न्यायाने पुढचे चाक हलके होते. पेटी आम्हीही बसवली, पण तिच्यात फक्त रेनकोट. तिचे खरे काम सौ.च्या पाठीला टेकू देणे हे होते.

आणि सर्वांत शेवटी सीट.

सीट बनवणारे कारागीर गृहस्थ एका अरुंद गाळ्यात बसले होते, चारी बाजूंना फोमचे ठोकळे आणि रेक्झिनच्या गुंडाळ्या. मी म्हटले, खूप मऊ करून द्या. ते म्हणाले, “सर, मऊ सीट दुकानात बरी वाटते. तासाभरात फोम दबतो आणि माणूस खालच्या पत्र्यावर बसतो. सीट घट्टच पाहिजे. फक्त रुंद पाहिजे आणि सपाट पाहिजे.” मग त्यांनी सौ.ला गाडीवर बसवले, खडूने दोन खुणा केल्या. बसल्यावर माणसाचे वजन ज्या दोन हाडांवर येते, त्यांच्या त्या खुणा. सीट उलटी करून कव्हरचे टाचे एकेक उपटले. आतला फोम उतरत्या जागी चिरून काढला, तेथे घट्ट तुकडा डकवला, वर पातळसा मऊ थर दिला, आणि कडा रगडून गोल केल्या. पुन्हा बसवले, पुन्हा खडू, पुन्हा सुरी. पुढच्या सीटवर मात्र त्यांनी बोटभरही उंची चढवू दिली नाही. “तुमचे पाय जमिनीला नीट टेकले नाहीत तर मॅडमना सांभाळणार कोण?” हा प्रश्न मला अश्वशक्तीच्या कोणत्याही आकड्यापेक्षा महत्त्वाचा वाटला. काम संपले तेव्हा वरून काहीच दिसत नव्हते. तेच काळे रेक्झिन, तोच आकार. साडेतीन हजार रुपये देऊन न दिसणारी वस्तू मी आयुष्यात प्रथमच विकत घेतली.

डिसेंबरात आम्ही आंबोलीला निघालो. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी एकदा थांबलो, साताऱ्याला एकदा, आणि कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर पाय मोकळे केले. आमचा एक संकेत ठरला होता. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांबा. खरे सांगायचे तर त्या दिवशी माझे अर्धे लक्ष रस्त्यावरच्या खड्ड्यांकडे आणि अर्धे माझ्या डाव्या खांद्याकडे होते. कोल्हापूरला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी निपाणी, आजरा मागे पडले, दोन्हीकडची झाडी दाट होऊ लागली, हवेला ओलसर गारवा आला, आणि मग आंबोलीचा उतार सुरू झाला. एका वळणावर दरी एकदम उघडली. तेथे खांद्यावर दोन थापा पडल्या.

माझ्या पोटात धस्स झाले. गाडी कडेला घेतली, घाईने विचारले, “कंबर?”

ती हेल्मेट काढून दरीकडे पाहत होती. “कसली कंबर? अहो, दरी बघायला थांबायचं नाही का? कंबर मी विसरलेच होते, तुम्ही आठवण करून दिलीत.”

वर्गात अजूनही ‘खोगीरभरती’चा अर्थ मी ‘निरुपयोगी भरणा’ असाच सांगतो. परीक्षेत तोच लिहावा लागतो, आणि मुलांचे गुण कापले जावेत असे मला वाटत नाही. पण सांगून झाल्यावर थोडे थांबतो आणि एवढेच विचारतो, की ती भरती काढून टाकली, तर घोड्याच्या पाठीचे काय होईल, आणि घोड्यावर बसणाऱ्याच्या कमरेचे?