गोणपाट किती ओलं करायचं?



मृग जवळ आला की मी ज्या गावी जातो तिथे घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासण्याचा विषय काढतोच. याच विषयापायी मी एकदा तोंडघशी पडलो होतो. चूक माझी होती, म्हणून ती मीच सांगतो.

काही वर्षांपूर्वी या चाचणीवर एक चित्रफीत करून घेण्याचे काम माझ्याकडे आले. करणारा तालुक्याचा होतकरू मुलगा. लग्नकार्याचे शूटिंग करून पोट भरायचा. आल्या आल्या त्याने विचारले, "साहेब, ही कोणी बघायची? आणि बघून त्यानं दुसऱ्या दिवशी काय करायचं?"

मला त्याचे हसू आले. "ते आम्ही बघू. लिहून दिलंय तसं तू कर," असे म्हणून मी तीन पाने त्याच्या हाती ठेवली. त्यात वरिष्ठांचे मनोगत होते, योजनांची यादी होती, खतांच्या मात्रा होत्या, माझे भाषण होते. चाचणीला शेवटी जेमतेम जागा उरली होती. पोराने मुकाट्याने सांगितले तसे केले. पैसे देणाऱ्याच्या शब्दाबाहेर तो जाणार कसा? वरच्या मंडळींना चित्रफीत पसंत पडली. सगळ्यांचे चेहरे तिच्यात होते ना!

मग एका गावी पारावर पडदा बांधून ती दाखवली. भाषणे सुरू झाली तशी माणसे एकेक करून उठली. एक म्हातारी मात्र शेवटपर्यंत बसून राहिली. जाताना म्हणाली, "समदं ऐकलं, सायेब. पर गोणपाट किती वलं करायचं, ते काय कळलं न्हाई."

पंचवीस मिनिटांत तेवढेच सांगायचे राहिले होते. तिला मी ते तोंडी सांगितले. बाकीचे केव्हाच घरी गेले होते.

पेरणीनंतर पुन्हा त्या गावी गेलो, तर एका घरची दुबार पेरणी चालली होती. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी पावसात भिजलेले बियाणे त्यांनी न तपासता पेरले होते. घरधनी म्हणाला, "साहेब, तुमचा पिक्चर बघितला होता की आम्ही." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणून ते जास्त लागले.

त्या रात्री मला 'मंथन' चित्रपट आठवला. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन तो काढला. दिग्दर्शक श्याम बेनेगल, आणि पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. म्हणजे इथे गिऱ्हाईक कोण? तर दूध घालणारा शेतकरी. पण त्यात संघाची आरती ओवाळलेली नाही. गावातली जातीची तेढ त्यात आहे, सरपंचाचा हेका आहे, बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांच्या चुकाही आहेत. शेवटी डॉक्टर निघून जातो आणि काम गावकऱ्यांच्या हाती राहते. नव्या गावांत दूध संघ उभे करताना हाच चित्रपट दाखवला गेला. पैसे देणाऱ्यांनी आपली स्तुती मागितली असती, तर त्याचा असा उपयोग झाला असता का?

पुढच्या हंगामाआधी मी त्याच मुलाला बोलावले. या वेळी एकच ओळ लिहून दिली: 'हे बघून घरच्या बाईने उद्या सकाळी शंभर दाणे मोजावेत.'

ओळ वाचून तो चाचरत म्हणाला, "मग साहेब, तुमचं भाषण नको." क्षणभर जड गेले, पण मी मान डोलावली.

त्याच म्हातारीच्या ओसरीवर शूटिंग झाले. तिने गोणपाट स्वच्छ धुतले, भिजवून पिळले. हाताला ओल लागावी पण पाणी ठिबकू नये, इतपत. सरसकट उचललेले शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडले, वरून दुसरा ओला तुकडा घातला, गुंडाळी करून सावलीत ठेवली. रोज थोडे पाणी शिंपडले. सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले कोंब मोजले. सत्तर किंवा जास्त निघाले तर शिफारशीइतके बियाणे पेरायचे. थोडे कमी निघाले तर बियाण्याचे प्रमाण वाढवायचे. फारच कमी निघाले तर ते बियाणे पेरायचे नाही. चार मिनिटांत सगळे आले.

"यात आपण कुठं आहोत?" असे मला वरून विचारले गेले, ते मी ऐकून घेतले. त्या वर्षी पेरणीआधी गावातून फिरताना काही ओसऱ्यांवर गोणपाटाच्या गुंडाळ्या दिसल्या.

हे आज सांगण्याचे कारण आहे. आता तुमचे गट, तुमच्या शेतकरी कंपन्या आपल्या गुळाची, हळदीची चित्रफीत करून घेतात. उद्या तुम्हीही गिऱ्हाईक व्हाल. तेव्हा करणाऱ्याला आधी सांगा, ही कोणी बघायची आणि बघून त्याने काय करायचे. पैसे किती, ते केव्हा द्यायचे, बदल किती वेळा मागायचे, हेही आधीच ठरवून लिहून ठेवा. मालाबद्दल खोटे बोलायला मात्र त्याला लावू नका. आणि अध्यक्षांचा फोटो किती वेळ दाखवायचा यावर बैठकीत वाद निघालाच, तर त्या म्हातारीचा प्रश्न आठवा. तो प्रश्न त्या पोराने मला आधीच विचारला होता. मी ऐकला नाही, आणि दुसऱ्याचे बियाणे मातीत गेले.