मऊ मान, कडक बूड

गोळी जाते, दारू जळून जाते, प्रायमर एका टोल्यात संपतो. मागे राहते ती पितळेची पुंगळी, तोंडाशी काजळलेली, अजून गरम. आपल्याकडे ती फक्त बातमीत भेटते: घटनास्थळी पोलिसांना अमुक पुंगळ्या सापडल्या, पंचनामा झाला. पंचनाम्यानंतरही तिला काही आयुष्य असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ते आयुष्य मी पाहिलं पलूसमध्ये. सांगली जिल्ह्यातलं, किर्लोस्करवाडीजवळचं पलूस नव्हे. वॉशिंग्टन आणि आयडाहो या राज्यांच्या सीमेवरचा हा टेकड्यांचा मुलूखही पलूसच. इथे गहू पिकतो, मसूर पिकते, हरभराही पिकतो. आमच्या शेजारचे आजोबा आयुष्यभर गव्हाची शेती करून आता थकलेत. मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणते; तोंडावर मात्र नावानंच हाक मारते, कारण इथे तीच रीत आहे.

टेकड्या बर्फाखाली गेल्या की ते गॅरेजमधल्या बाकावर रिकाम्या पुंगळ्यांची पुन्हा काडतुसं भरायला बसतात. तासाभराच्या आत लुईस्टन आहे, स्नेक नदीकाठी, आणि तिथे काडतुसांचा मोठा कारखाना आहे. विकत आणणं काही अवघड नाही. पण रायफल स्वतःची तशी काडतूसही त्या रायफलीच्या मापाचं हवं, हा त्यांचा हट्ट. त्यांची रायफल ‘थर्टी-ऑट-सिक्स’ची, म्हणजे अमेरिकन सैन्यानं १९०६ साली स्वीकारलेल्या काडतुसाची. मला बंदुकीचा आवाज सोसत नाही आणि शिकारीच्या गोष्टींत रसही नाही. मी बसते ती पितळेसाठी.

हे पितळ म्हणजे सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. ओढावं तसं ओढलं जाणारं. कारखान्यात पत्र्याच्या चकतीची आधी वाटी होते, मग ती वाटी साच्यातून ओढत ओढत लांब करतात, आणि दर ओढीनंतर ताठरलेला धातू तापवून पुन्हा मऊ करतात. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत अशा वाट्या बनतात. शेवटी जी पुंगळी हाती येते तिला बूड असतं, अंग असतं, उतरता खांदा असतो आणि गोळी धरणारी मान. बूड जाड आणि कडक, मान पातळ आणि मऊ. एकाच तुकड्यात हे दोन स्वभाव ठेवलेले असतात, आणि पुढची सगळी उस्तवार त्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून.

बार उडताना नेमकं काय होतं, ते आजोबांनी मला कागदावर काढून दाखवलं. काडतूस रायफलीच्या चेंबरमध्ये किंचित सैल असतं, असावंच लागतं, नाहीतर ते आत जायचं कसं? पिनेचा टोला बसतो तसं ते पुढे सरकतं. दारू पेटते. आतला दाब चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत चढू शकतो. पातळ मान आणि अंग फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतात, आणि मागे धूर यायला फट राहत नाही. जाड बूड मात्र चिकटत नाही. ते मागे रेटलं जातं, चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टला टेकेपर्यंत. पुढचा भाग धरून ठेवलेला, मागचा ओढलेला. मधलं पितळ, बुडाच्या जरा वर, तेवढं ताणलं जातं. दाब उतरला की सगळी पुंगळी केसभर आक्रसते, म्हणून तर बोटाच्या जोरावर बाहेर निघते. पण ताणलेलं ते ताणलेलंच.

आता ती पुन्हा वापरायची तर फुगलेलं अंग मापात आणायला हवं. त्यासाठी पोलादी डाय आणि लांब दांड्याची प्रेस. आधी पुंगळीला चोळायचं ते लॅनोलिन, मेंढीच्या लोकरीतून निघणारं मेण अल्कोहोलात विरघळवून केलेलं. कासारीण बांगडी भरताना हात चोळून चोळून मऊ करते, तसे आजोबा एकेक पुंगळी बोटांत फिरवत राहतात. लॅनोलिन कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये अशी रुतते की बाहेर ओढताना बुडाची कडाच फाटते. जास्त झालं तर खांद्यावर खळगा पडतो, कारण मेण दबत नाही, पितळ दबतं. मी दांडा ओढते तेव्हा सुरुवातीला काही लागत नाही, मग खांदा डायला भिडल्याचा एक जडपणा तळव्यात येतो. तो जडपणा ओळखता यायला हवा, आजोबा म्हणतात. मला अजून नीट येत नाही.

आणि इथेच त्यांचं डायबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकाशी भांडण आहे. पत्रक सांगतं, डाय खालच्या टेकूला भिडेपर्यंत फिरवा, आणि त्यानंतर थोडी आणखी फिरवा. ही सूचना कुठल्याही रायफलीला चालावी म्हणून लिहिलेली. ती पाळली तर खांदा गरजेपेक्षा मागे रेटला जातो, काडतूस चेंबरमध्ये जास्त सैल बसतं, पुढच्या बाराला बूड तितकंच जास्त मागे जातं आणि मधलं पितळ पुन्हा ताणलं जातं. आजोबा खांदा मागे घेतात तो एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले दोन. डोक्याचा केससुद्धा बहुतेकदा याहून जाड असतो. त्यासाठी दर वेळी कॅलिपर लावायचा, डाय इतकीशी फिरवायची, पुन्हा मोजायचं. पुंगळीला कारखान्यातल्यासारखी नवी करायला जाऊ नकोस, असं ते मला बजावतात. आत जाईल एवढीच कर. मला हे पटलं. माणसं चकाकीवर फार जीव टाकतात. मक्याच्या कणसांच्या भरड्यात तासन्‌तास घुसळून पुंगळ्या सोन्यासारख्या करतात, आणि खांदा मात्र दर वेळी ठेचतात.

दाबलेलं पितळ लांबीतही वाढतं. या काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी २.४९४ इंच, तिच्यापुढे गेली की आजोबा मान कातून २.४८४ वर आणतात. त्यात फार काही सांगण्यासारखं नाही, हात दुखतो एवढंच.

मानेचं दुखणं वेगळं. फुगणं, आवळणं, गोळी बसवताना पुन्हा किंचित फुगणं, असं होत होत ती ताठरते आणि एक दिवस उभी चिरते. यावरचा उपाय मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझं लहानपण पुण्यात, कसब्यातल्या तांबट आळीच्या जवळ गेलं. मठारकामाचे ठोके पडत राहिले की तांबं ताठरतं, हातोडीचा आवाज बदलतो, आणि तांबट भांडं भट्टीत घालून लाल करतो, पाण्यात बुडवतो, की पुन्हा ठोक्याला तयार. पोलाद तापवून पाण्यात घातलं तर कडक होतं; तांब्या-पितळेचं तसं नाही, ते मऊच राहतं. इथे गॅरेजमध्ये आजोबा दिवा मंद करतात. ड्रिलच्या टोकाला बसवलेल्या खोबणीत पुंगळीचं बूड जातं, ड्रिल हळू फिरतं, गॅसची निळी ज्योत फक्त मानेवर. पितळावरून एक निळसर सावली खांद्याकडे सरकते आणि मान अंधारात जेमतेम तांबूस दिसली न दिसली, तोच पुंगळी पाण्यात. हे पाणी उष्णता बुडापर्यंत पोचू नये यासाठी. बूड मऊ पडलं तर बाराचा दाब त्याला पेलणार नाही, आणि सुटलेला वायू येईल तो डोळ्याच्या दिशेनं. म्हणून भट्टीत टोपलीभर पुंगळ्या घालून भाजणाऱ्यांचा त्यांना राग येतो. मानेवरचा तो निळा-पिवळा डाग सैन्याच्या काडतुसांवर तसाच ठेवलेला असतो. दुकानातल्या काडतुसांवरून तो घासून काढतात, गिऱ्हाइकाला वापरलेला माल वाटू नये म्हणून.

पुंगळ्या मात्र ते शेतावरच्या शेडमध्ये ठेवत नाहीत. तिथे खतासाठी अमोनियाच्या टाक्या येतात. अमोनिया असलेलं पॉलिशही बाकावर चालत नाही. यामागे हिंदुस्थानातली गोष्ट आहे, आणि ती मला आजोबांकडून कळावी याची गंमत वाटते. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असत, आणि न वापरताच त्यांच्या माना तडकत. दमट हवा, घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि ओढकामात पितळात अडकून राहिलेला ताण, या तिघांचं ते काम. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ साली त्याची नीट उकल केली. हळुवार तापवून तो ताण काढून टाकला की तडा जायचं थांबतं. अमोनिया म्हटलं की मला कल्हईवाला आठवतो. नवसागराची चिमूट तापलेल्या पातेल्यात पडायची, पांढरा धूर उठायचा आणि नाक झोंबायचं.

बाकावर एक उलगडलेली पेपरक्लिप असते, टोकाला बारीक आकडा वळवलेली. पुंगळीच्या आत ती बुडापर्यंत न्यायची आणि भिंतीला टेकवून वर ओढायची. भिंत गुळगुळीत लागली तर ठीक. परवा एका पुंगळीत, बुडाच्या जरा वर, आकडा अडकला. बाहेरून फिकट रेघ दिसत होती, नखाला लागत नव्हती. आत मात्र चक्क खोबण. पुढच्या बाराला तिचे दोन तुकडे झाले असते. आजोबांनी पकडीनं तिची मान चिमटली, चुकूनही कुणी पुन्हा भरू नये म्हणून, आणि ती कॉफीच्या डब्यात टाकली. तो डबा भंगारवाल्याकडे जातो, पौंडाच्या भावानं.

एक निघाली म्हणजे तिच्याबरोबर भरलेल्या, तितकेच बार झेललेल्या बाकीच्याही संशयित. मग ती सगळी पेटी आम्ही तपासायला घेतली, अर्धी त्यांनी, अर्धी मी. त्यांच्या वाट्यात एक सापडली, माझ्या वाट्यात एक. आणखी एकीत मला अडथळा लागत होता आणि त्यांना लागत नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, तार पुन्हा फिरवली, मान हलवली आणि तीही चिमटली.