काहीतरी नावाचा पदार्थ

संध्याकाळचे पाच वाजले की आमच्या स्वयंपाकघरात डबे वाजू लागतात. वाजविणारा मी असतो. आधी चिवड्याचा डबा. एक चिमूट तोंडात जाते. हे नव्हे. मग शेंगदाण्यांची बरणी, पाठोपाठ गुळाचा खडा. हेही नव्हे. अर्धे बिस्किट, सकाळच्या पोळीचा तुकडा, लोणच्याची फोड... ओट्याशी उभ्याउभ्याच सहा पदार्थ चाखून होतात, पोट जड होते आणि जे हवे होते ते मिळालेलेच नसते. "काय हवंय तरी काय तुम्हाला?" असे बाहेरून आमच्या सौभाग्यवतींनी विचारले की माझे उत्तर ठरलेले असते: "काही नाही ग, काहीतरी."

हे प्रकरण घरातल्या घरातच राहिले असते. परंतु मी निवृत्त झालो आणि वर्षाच्या आत गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी काट्यावर उभे केले. काटा ८६ किलोवर जाऊन थांबला. रक्तातली साखरही उंबरठ्यावर येऊन उभी होती. माझ्या वडिलांची शेवटची सात वर्षे, मधुमेहाने दृष्टी गेल्यामुळे, रेडिओच्या सोबतीने गेली. त्यामुळे "दहा किलो उतरवा" असे डॉक्टर म्हणाले तेव्हा मी नेहमीप्रमाणे विनोद केला नाही.

आमच्या ओळखीत हल्ली दर तिसऱ्या घरी दोनदाच जेवणारा एक तरी माणूस आढळतो. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेलेला तो प्रकार: दिवसातून दोन जेवणे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत. माझ्या डॉक्टरांच्या संमतीने मीही त्या पंथाला लागलो. जेवणांचा त्रास झाला नाही. दुपारी भूक लागे, जेवलो की ती जाई; तिचा स्वभाव सरळ आहे. छळले ते पाच वाजताच्या त्या 'काहीतरी'ने. पाणी पिऊन पाहिले, ताक पिऊन पाहिले, गॅलरीत येरझारा घालून पाहिल्या. चार किलो उतरले होते, त्यांतले दोन महिन्याभरात घरी परत आले.

शेवटी सौ.नेच ठरविले, की चार दिवस डब्यांपासून लांब जाऊ या. घोडेगावची मामी पुष्कळ दिवस बोलावीत होती. तेव्हा आधी जुन्नर पाहू आणि मग मामीकडे उतरू, असा बेत माघ महिन्यात आखला. पथ्यावरच्या माणसाने मराठी माहेरघरी जाणे म्हणजे मांजराने दुधाच्या गाडीतून प्रवास करण्यापैकी आहे, हे मला ठाऊक होते. पण बोललो नाही.

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघालो. राजगुरुनगर, मंचर मागे टाकले. नारायणगावला द्राक्षांचे ढीग लागले होते. तमाशाच्या फडांचे हे गाव; विठाबाईंनी ते नाव महाराष्ट्रभर नेले. तिथून जुन्नरकडे वळलो की दोन्ही बाजूंना ऊस, मळे, आणि समोर हळूहळू मोठा होत जाणारा शिवनेरी. गडाविषयी नव्याने काय सांगावे? १६३० साली जिथे शिवराय जन्मले त्या वास्तूसमोर उभे राहिले की माणूस आपोआप आवाज उतरवतो. माझ्या पापी मनाने मात्र वाटेतल्या अंबरखान्याची, म्हणजे धान्याच्या कोठाराची, जरा जास्तच वेळ पाहणी केली. ही गोष्ट सौ.च्या नजरेतून सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी लेण्याद्री. पायऱ्या तीनशेच्या आसपास. गुडघ्यांशी वाटाघाटी करीत, दर वीस पायऱ्यांनी 'देखावा पाहण्यासाठी' थांबत वर पोचलो. अष्टविनायकांतला हा गिरिजात्मज ज्या दालनात बसला आहे, ते मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. केवढे ते दालन, आणि मध्ये आधाराला एक खांब नाही! तीन बाजूंच्या भिंतींत मिळून वीस खोल्या कोरलेल्या आहेत.

त्या खोल्या पाहून एक गोष्ट आठवली नि तिथेच टेकलो. भिक्षूंचा नियम असा, की सूर्य माथ्यावरून ढळला की दुसऱ्या सकाळपर्यंत जेवावयाचे नाही. म्हणजे दीड-दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगरात, पाच वाजता रिकाम्या पोटी बसणारी माणसे राहत होती! बरे, हा नियम करणारा मनुष्यस्वभाव ओळखून होता. आजाऱ्याला लोणी, तूप, तेल, मध आणि गूळ औषध म्हणून चालत. आणि फळांचे गाळलेले रस दुपारनंतरही पिता येत. त्या रसांच्या यादीत आंबा आहे, जांभूळ आहे, द्राक्षही आहे. काल नारायणगावला पाहिलेले ढीग डोळ्यांपुढे आले. माझी खात्री आहे, की वीस खोल्यांतल्या एखाद्या तरी भिक्षूला संध्याकाळी अकस्मात बरे नसल्यासारखे वाटत असणार आणि गुळाची आठवण होत असणार.

आणखी एक गंमत. जुन्नरच्या लेण्यांतल्या एका शिलालेखात, धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. दुपारनंतर न जेवणाऱ्यांना आश्रय दिला तो धान्यवाल्यांनी! आमच्या वाण्याला हे सांगावयाचे राहूनच गेले आहे.

तिथून डोंगरांच्या कडेकडेने आंबेगाव तालुक्यात उतरलो. घोडेगावी मामी वाट पाहत होती. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू थोडे कमी येते, पण पाटा अजून तिच्याच ताब्यात. दुपारच्या जेवणाला मासवडी. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, हिच्यात मासा नसतो; फक्त आकार तसा. बेसन घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापायचे, त्यावर तीळ, सुके खोबरे, भाजलेला कांदा, लसूण, कोथिंबीर यांचे सारण पसरायचे, गुंडाळी दाबून वड्या कापायच्या आणि झणझणीत रश्श्याबरोबर वाढायच्या. सोबत बाजरीची भाकरी. ५५ मिनिटांची मर्यादा मी पाळली. पण त्यांतले एकही मिनिट वाया घालविले नाही.

आणि तरीही पाच वाजलेच. पोट गच्च भरलेले, आणि मी मामीच्या स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळतो आहे.

"काय रे, काय पाहिजे?"

"काही नाही मामी. काहीतरी तोंडात टाकायला..."

"काहीतरी म्हंजे काय? नाव सांग. शेव म्हण, लाडू म्हण, आत्ता देते. काहीतरी नावाचा पदार्थ मला नाही येत बाबा."

मी विचार करू लागलो. शेव? नको. लाडू? नको. "भाकरी हाये दुपारची," ती म्हणाली, "देऊ?" मी मान हलविली. "मग भूक नाही तुला. भुकेला कोंडा नि निजेला धोंडा. भूक असती तर भाकरी घेतली असतीस."

मग ती उठली आणि म्हणाली, "गाडी काढ. पाण्यावर जाऊ."

पाणी म्हणजे डिंभे धरणाचे. घोड नदी अडवून झालेल्या या जलाशयाला, १९३० साली मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकसमोर प्राण देणाऱ्या याच तालुक्यातल्या हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. तालुक्याला ज्याचे नाव, ते जुने आंबेगाव या पाण्याच्या पोटात गेले. मामीचे घर तिथलेच. माझ्या आईचे माहेरही अर्थात तेच. कडेला दगडावर बसून मामी बोटाने दाखवीत होती: "तो उतार दिसतो ना, त्याच्या खाली. तिथं आपला ओटा." मला सपाट निळे पाणी दिसत होते, त्यावर एक होडी.

"इकडं राहायला आलो त्या साली मला पण तुझ्यासारखंच झालं होतं," ती म्हणाली. "रोज दिवस कलला की जीव हुळहुळायचा. चुरमुरे फाकायचे, फुटाणे फाकायचे. तुझे मामा म्हणायचे, बाईला भस्म्या झाला. वर्षभरानं माझं मला कळलं. मला खायला काही नको होतं रे. मला त्या टायमाला ओट्यावर बसायला पाहिजे होतं. शेजारणी यायच्या, निवडण घेऊन. इथं ओटाच नव्हता."

"मग काय केलं?"

"काय करणार? मामांच्या मागं लागून दारात दोन फरशा टाकून घेतल्या. बसले एकटीच. आठ दिवसांनी समोरची आली."

मी काही बोललो नाही. एकतीस वर्षे पाच वाजता आमच्या कचेरीत चहा येत असे. टेबलाभोवती आम्ही चौघे. एकाच्या डब्यातले उरलेसुरले काहीतरी कागदावर मधोमध. तो 'काहीतरी' शब्द मी तिथून उचलून घरी आणला असावा. त्या चौघांतला एक आता नाही, एक मुलाकडे परदेशी आहे.

परतताना मामीने कमरेच्या पिशवीतून एक काळी, सुरकुतलेली बी-सारखी वस्तू काढून माझ्या हातावर ठेवली. बाळहिरडा. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातले महादेव कोळी ही फळे कोवळी असतानाच उतरवून वाळवितात आणि पावसाळ्यापूर्वी विकून चार पैसे गाठीला बांधतात. दाढेखाली धरला की प्रथम तोंड असे आवळते, की चिवडा, गूळ, बिस्किटे सगळ्यांचा विसर पडावा. मग वर पाणी प्यायले तर ते गोड लागते. वैद्यांच्या संस्कृत वचनांत हिरड्याला आईची उपमा दिलेली आहे. (वैद्याला विचारल्याशिवाय रोज खाऊ मात्र नये, आया थोड्या कडकच असतात.)

घरी आल्यावर मी डब्यांसमोर उभा राहून हव्या त्या पदार्थाचे नाव मोठ्याने उच्चारण्याची सवय लावून घेतली. नाव आले तर तो एकच पदार्थ वाटीत घेऊन, बसून खातो. डॉक्टरांनी एवढी सूट दिली आहे. नाव न आले तर डबा बंद, आणि खाली बागेतल्या बाकावर जाऊन बसतो. पहिले पंधरा दिवस एकटाच होतो. आता तिथे तिघे असतो. तिसरे गृहस्थ फारच बोलतात, पण ते असो. परदेशातल्या मित्राला आठवड्यातून एकदा पाच वाजता फोन करतो. त्याच्याकडे तेव्हा सकाळ असते आणि तो अर्धवट झोपेत असतो. सगळे दिवस साधतात असे नाही. श्रावणात पाहुणे होते त्या आठवड्यात डबे पुन्हा वाजले. तरी काटा आज ७८ वर आहे, आणि साखर उंबरठ्यावरून एक पायरी खाली उतरली आहे.

हा मजकूर लिहीत असताना आत दिवाळीचे तळण चालू आहे. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटे झाली आहेत. "काही हवंय का?" म्हणून सौ.ने आतून विचारले. मी नीट विचार केला आणि नाव घेऊन सांगितले: भाजणीची चकली, गरम, एक.

"दोन घ्या," ती म्हणाली, "पण बसून."