शिकागोची गाय आणि एक वेगळा लिलाव

काही वर्षांपूर्वी मुलीकडे शिकागोला गेलो असताना एका सकाळी तेथील कल्चरल सेंटर पाहण्यास निघालो. १८९७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयासाठी बांधलेली ही भव्य वास्तू. तिच्या बाहेर पदपथावर ब्राँझची एक गाय उभी होती आणि एक आई आपल्या तीनेक वर्षांच्या मुलाला तिच्या पाठीवर बसवून छायाचित्र काढत होती. ज्या शहरात १८६५ पासून १९७१ पर्यंत गुरांचा प्रचंड बाजार आणि त्याभोवती कत्तलखाने चालले, तेथे गाईचे हे स्मारक पाहून मी थबकलो.

चौकशी केली तेव्हा तिची हकीकत कळली. पीटर हॅनिग हे शिकागोचे पादत्राणांचे व्यापारी. १९९८ मध्ये झुरिकला सहलीला गेले असता त्यांनी तेथील रस्त्यांवर रंगविलेल्या गाई पाहिल्या आणि ती कल्पना आपल्या शहरात आणली. १९९९ च्या उन्हाळ्यात फायबरग्लासच्या तीनशेहून अधिक गाई शिकागोच्या रस्त्यांवर उभ्या राहिल्या. खर्च व्यापाऱ्यांचा, कला स्थानिक चित्रकारांची आणि पाहण्यास तिकीट नाही. हंगाम संपल्यावर त्यांतील अनेक गाईंचा लिलाव झाला आणि सुमारे ३५ लाख डॉलर सेवाभावी संस्थांना मिळाले.

'लिलाव' या शब्दाचा मला फार वेगळा अनुभव होता. बँकेत असताना मुदत टळलेल्या सोनेतारण कर्जांचे लिलाव मी करविले आहेत. एकदा एका विधवा भगिनीच्या पाटल्या पुकारल्या जात असताना ती दाराशी उभी राहून प्रत्येक बोली ऐकत होती. आम्ही नियमानेच वागलो होतो. तरी त्या रात्री मला घास गिळवला नाही. शिकागोच्या लिलावात मात्र कोणाच्याही हातून काही हिसकावले गेले नव्हते.

मग मनात आले, असा पैसा कोठे लावावा? उत्तरही त्याच शहरात मिळाले. शिकागो विद्यापीठाचे नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी शेजारच्या मिशिगन राज्यातील एका जुन्या प्रयोगाचा हिशेब मांडला आहे. १९६० च्या दशकात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुले निवडली. त्यांतील ५८ जणांना तीन-चार वर्षांच्या वयात उत्तम बालशिक्षण दिले आणि सर्वांच्या आयुष्याचा मागोवा चाळिशीपर्यंत घेतला. शिकलेल्यांची कमाई अधिक आणि गुन्हे कमी आढळले. समाजाला मिळालेला परतावा दरसाल सात ते दहा टक्के! मुदत ठेवींवरील व्याज मोजण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याने या आकड्यापुढे हात जोडले.

बोलीचे मोल आपल्या समाजाला सांगावयास नको. पर्युषणात स्वप्नांच्या बोल्या आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याच उत्साहाने आपल्या गावच्या मार्केट यार्डात एक प्रयोग व्हावा. पेढ्यांनी खर्च उचलावा, गावातील चित्रकारांनी आणि चित्रकला शिक्षकांनी कलाकृती कराव्यात, दोन महिने त्या सर्वांनी पाहाव्यात आणि नंतर बोली व्हावी. तो निधी तेथेच, आईबाप पोती उचलीत असताना गोण्यांच्या आडोशाला खेळणाऱ्या हमालांच्या मुलांच्या बालवाडीसाठी लागावा.

कोणी पुढाकार घेतल्यास त्या लिलावाचा हिशेब लिहिण्यास मी आनंदाने बसेन.