वरचं पाणी, खालचं पाणी

अकोटहून अकोल्याकडे निघालं की सातपुडा पाठीमागे राहतो. अकोटच्या आसपास संत्र्याच्या बागा आहेत, केळी आहे, मोटारींचा आवाज आहे. थोडं दक्षिणेला सरकलं की बागा विरळ होतात आणि मग संपतातच. जमीन मात्र तशीच काळीभोर, डोळ्यांत भरणारी. फक्त चालती विहीर दिसेनाशी होते. एखादी दिसलीच तर तिच्यावर मोटार नसते आणि काठावर बाभूळ माजलेली असते. नव्या माणसाला कोडं पडतं, की एवढी कसदार वावरं आणि ओलीत का नाही?

हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला. सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातली ९३२ गावं घेतली होती, त्यावरून त्याचा विस्तार ध्यानात यावा. दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा, संग्रामपूर ही इथली तालुक्याची गावं.

पूर्णा सातपुड्यात, मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात उगम पावते आणि पश्चिमेकडे वाहत चांगदेवला तापीला मिळते. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, आणि मधोमध जमीन खचून झालेली लांबट द्रोणी. दोन्हीकडच्या नद्यानाल्यांनी युगानुयुगं आणलेला गाळ या द्रोणीत साचत गेला. आज त्याची जाडी शेकडो फूट आहे. मैलोगणती जमीन सपाट, दृष्टीला अडवायला टेकाड नाही. तुरी उभ्या असतात तेव्हा धुऱ्यावरचं एखादं कडुनिंबाचं झाडही उंच वाटतं. हा सपाटपणा डोळ्यांना सुखावतो, पण जमिनीची अडचण त्यातच आहे. पडलेल्या पाण्याला वाहून जायला उतार नाही आणि मुरायला वाट नाही.

वाट का नाही, हे बघायला प्रयोगशाळेत जायला नको. पट्ट्यातल्या वावरातून हातभर खोलीवरचं वाळलेलं ढेकूळ घ्यावं आणि काचेच्या पेल्यात साठवलेल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडावं. पेला हलवायचा नाही. चांगल्या निचऱ्याच्या काळ्या मातीचं ढेकूळ फुटतं, त्याचा चुरा तळाशी बसतो आणि वरचं पाणी स्वच्छ राहतं. इथलं ढेकूळ वेगळं वागतं. त्याच्या कडेने अगरबत्तीच्या धुरासारखे लोट निघतात, पसरतात, आणि हळूहळू अख्खा पेला गढूळ होतो. दुसऱ्या दिवशी बघितलं तरी गढूळच. त्यात चिमूटभर जिप्सम टाकलं की काही वेळाने तेच पाणी निवळू लागतं. या मुलखाची सगळी कुंडली या एका पेल्यात मांडून दाखवता येते.

मूळ आहे सोडियममध्ये. दोन्ही बाजूंचे डोंगर काळ्या दगडाचे, म्हणजे बेसाल्टचे. दगड झिजतो तसं त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सुटतं आणि सगळं खाली द्रोणीत उतरतं. पाऊस कोकणातल्यासारखा असता तर बराचसा क्षार धुऊन गेला असता. इथे वर्षाकाठी साधारण ७०० ते ९०० मिलिमीटर पडतो, तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने ऊन जमिनीतली ओल वर ओढत असतं. ती ओल उडून जाताना कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने मागे बसतं. नांगरटीला पांढरे खडे वर येतात ते हेच. कॅल्शियम असं बाजूला पडलं की चिकणमातीच्या कणांवरची जागा सोडियम बळकावतं. कॅल्शियम कणांना एकमेकांशी धरून ठेवतं आणि सोडियम त्यांना सुटं करतं. सुटे झालेले कण बारीक छिद्रांत जाऊन बसतात आणि पाण्याचा रस्ता बुजतो. अशा जमिनीला शेतकरी चोपण म्हणतात. तिचा सामू आठाच्या वर असतो आणि खोल थरांत तो नऊच्या घरात जातो.

जमीन चोपण ठरायला कणांवरच्या सोडियमचं प्रमाण १५ टक्क्यांच्या पुढे गेलेलं असावं, असा सर्वसाधारण दंडक आहे. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पूर्णा खोऱ्यातल्या मातीचा अभ्यास करून दाखवून दिलं, की इथली चिकणमाती एवढी फुगणारी आहे की पाच टक्क्यांच्या पुढेच निचऱ्याचं गणित बिघडतं. म्हणजे पुस्तकाच्या मापाने जी जमीन ठणठणीत ठरेल, ती वावरात आजारी असू शकते. आणि वरून काहीच कळत नाही. उत्तर हिंदुस्थानातल्या ऊसर जमिनीवर पांढरा थर दिसतो, तिथे कुणी फसत नाही. इथे दोष पोटात असतो, वरचं अंग काळंशार दिसतं.

उन्हाळ्यात ही जमीन भेगाळते. भेगा इतक्या रुंद आणि खोल, की चालताना पाय जपून टाकावा लागतो. पहिल्या पावसाचं पाणी या भेगांतून गटागट आत जातं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतर पडलेलं पाणी वरच उभं राहतं. पायवाटांचा गारा होतो. वाफसा लवकर येत नाही, डवरा घालता येत नाही आणि तण पिकाच्या वर जातं. दर वर्षीच्या या फुगण्या-आवळण्याने विजेचे खांब कलतात आणि नव्या पक्क्या घरांच्या भिंतींना तडे जातात. नदीकाठी आणखी वेगळं दृश्य. सुटी झालेली माती पाण्याबरोबर वाहून जाते, जमिनीला आतून बिळं पडतात, वरचं छत कोसळतं आणि सपाट वावराच्या टोकाला अचानक घळ लागते.

आता खालचं पाणी. विहिरी आहेत, बोअरही आहेत, पाणी लागत नाही असं नाही. पण ते खारं. चहात कळतं, अंघोळीला साबणाचा फेस होत नाही, भांड्यांवर पांढरी पुटं चढतात. पट्ट्यात सोयरीक जुळवताना पोरीकडचे लोक शेतीच्या आधी ‘पानी कसं हाय?’ हे विचारत, कारण गोड्या पाण्यासाठी पायपीट तिलाच करायची असे. नदीच्या वाळूत झिरा खणायचा आणि वाटीने पाणी भरायचं, हे बायकांचं काम होतं. आता वान धरणाचं पाणी नळाने बऱ्याच गावांत येतं, कुठे आरओचे कॅन येतात. नळ कोरडा गेला की मात्र पुन्हा जुनेच दिवस.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात कावडयात्रा निघते. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरायचं आणि रात्रभर चालत येऊन अकोल्याच्या राजराजेश्वराला घालायचं. ज्या मुलखात जमिनीतलं पाणी तोंडात धरवत नाही, तिथे वाहतं पाणी खांद्यावरून मिरवत नेलं जातं, यात मला भक्तीइतकाच व्यवहारही दिसतो. गाडगेबाबांचं बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या शेतात राबत गेलं. पुढे पूर्णाकाठच्या ऋणमोचनला यात्रेकरूंसाठी त्यांनी काम केलं. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याच्या अन्नानंतर लगेच तहानलेल्याचं पाणी येतं. हा क्रम या मुलखातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

खारं पाणी पिकाला दिलं की पहिल्या वर्षी फारसं बिघडत नाही, उलट पीक तरारतं. पाण्यातल्या मिठामुळे मातीचे कण तात्पुरते एकत्र राहतात. पण त्या पाण्याबरोबर सोडियम वावरात मुक्कामाला येतं. पुढच्या पावसाळ्यात गोडं पाणी पडतं, मीठ धुऊन जातं, सोडियम कणांना चिकटून राहतं आणि जमीन घट्ट बसते. पेल्यातलं ढेकूळ पावसाच्याच पाण्यात विरघळलं, ते याच कारणाने. म्हणून इथले जाणते शेतकरी बोअरच्या नादी लागले नाहीत. बुजुर्गांची रीत अशी, की खरिपात काही वावरं रिकामी ठेवायची, पावसाची ओल त्यांत भरू द्यायची आणि पाऊस सरला की त्याच ओलीवर हरभरा पेरायचा. दर्यापूरकडे हिवाळ्यात नजर जाईल तिथवर हरभरा पसरलेला असतो. त्याला पाण्याची एक पाळीही मिळालेली नसते, तरी घाटे भरतात.

हाच न मुरण्याचा दोष दुसरीकडे गुण होतो. जुन्या धाब्याच्या घरांवर खारी मातीच टाकत, कारण ती भिजली की फुगते, घट्ट बसते आणि थेंब खाली येऊ देत नाही. पिकाच्या मुळांचा श्वास कोंडणारी माती माणसाच्या डोक्यावरचं छप्पर कोरडं ठेवत होती. आजच्या शेततळ्यांचंही तसंच आहे. इतरत्र तळ्याला प्लास्टिकचं अस्तर लागतं, इथे बहुतेक ठिकाणी ते न घालताही पावसाचं पाणी बराच काळ टिकतं. हरभरा फुलावर आला की त्यातलं एक पाणी दिलं तरी उताऱ्यात फरक पडतो, आणि ते पाणी गोडं असतं.

उपाय सांगितले जातात ते खोटे नाहीत. जिप्सम टाका, हिरवळीच्या खतासाठी ढेंचा पेरून मातीत गाडा, चर खोदून निचरा काढा, रुंद सरी-वरंब्यावर पेरा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं हे पेल्यातही दिसतं. पण हुसकावलेल्या सोडियमला वावराबाहेर काढायला निचरा हवा. तो नसेल तर जिप्समचा पैसा मातीत जातो, अगदी शब्दशः. म्हणून धरणातून कालवा आला की पट्टा सुधारेल, हे ऐकलं की मला धास्ती वाटते. निचऱ्याची सोय न करता सपाट, न मुरणाऱ्या जमिनीवर पाणी सोडलं तर क्षार वर येईल, आणि एकदा वर आलेला क्षार सहजासहजी खाली जात नाही.

ही माती नापीक नाही, हे हरभऱ्याने आणि तुरीने कित्येक पिढ्या सिद्ध केलं आहे. तिला बागायतीचं सोंग घ्यायला लावू नये. खारपाणपट्ट्यात सरकारला पैसा खर्चायचाच असेल तर तो आधी चर आणि शेततळ्यांवर खर्चावा, कालव्याचा विचार त्यानंतर. आणि तिथे शेती असलेल्या प्रत्येकाने बोअरचं यंत्र बोलावण्याआधी बाटलीभर पाणी आणि किलोभर माती तपासायला द्यावी. त्या तपासणीला लागणारा पैसा बोअरच्या खर्चापुढे काहीच नाही, आणि जमीन बिघडली तर ती आपल्या हयातीत सुधारेलच असं नाही.