मजुरांच्या दमडीची मशीद

मागच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब नगरला पाहुण्यांकडे गेलो होतो. २०२४ साली शहराचे नाव अहिल्यानगर झाले, तरी बोलताना तोंडात अजून नगरच येते. मुलांना किल्ला पाहायचा होता. सोबत आमचे वडीलही होते. त्यांची उमेद बांधकामावर बिगारी करण्यात गेली.

भिंगारच्या बाजूला हा भुईकोट किल्ला आहे. हुसेन निजामशहाने १५५९ पासून त्याचा दगडी तट बांधायला घेतला. १५९६ साली मोगलांनी सुरुंग लावून तटाला खिंडार पाडले, तेव्हा चांदबीबीने एका रात्रीत ते बुजवून घेतले. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू, मौलाना आझाद वगैरे पुढारी इथेच कैदेत होते. मुलांच्या पुस्तकात हे सारे आहे. पण त्या एका रात्रीत दगड कुणी उचलले, गारा कुणी कालवला, हे कुठल्याच पुस्तकात नाही.

त्याचे थोडेसे उत्तर किल्ल्याजवळच मिळाले. तिथे एक लहानशी मशीद आहे. तिचे नाव दमडी मशीद. पाहुण्यांनी सांगितले, म्हणून आम्ही वाकडी वाट केली.

१५६७ च्या सुमारास साहिरखान नावाच्या सरदाराने ही मशीद बांधली, असे इतिहासात नमूद आहे. लोक मात्र वेगळी हकिकत सांगतात. किल्ल्याच्या कामावर शेकडो मजूर होते. त्यांनी आपापल्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्या पैशातून मशीद उभी राहिली, म्हणून ती दमडी मशीद. दमडी म्हणजे पैशाचाही बारीक तुकडा. ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ असे आपण कंजूष माणसाला म्हणतो. इथे ज्यांची चमडी उन्हात भाजत होती, त्यांनीच दमडी दिली!

सरदाराचे नाव कागदावर राहिले आणि मजुरांची दमडी लोकांच्या तोंडी राहिली. चारशे वर्षे उलटली, तरी इमारत सरदाराच्या नावाने ओळखली जात नाही, दमडीच्या नावाने ओळखली जाते. ही काही लहान गोष्ट नव्हे.

मशीद आकाराने लहान, पण दगडावरचे काम पाहून माणूस थबकतो. पुढे कमानी, वर दगडी छज्जा आणि जागोजागी नाजूक नक्षी. काळ्या फत्तरात हे कोरणे म्हणजे खेळ नव्हे. प्रार्थनेची जागा म्हणून आम्ही पायातले काढून ठेवले. वडील एका दगडापाशी बराच वेळ उभे राहिले. त्यावर हात फिरवत म्हणाले, “टाकी कशी चालली आहे बघ. हात बसलेला माणूस होता.”

मग ओट्यावर टेकून ते म्हणाले, “मी मुंबईत इतक्या इमारतींवर विटा वाहिल्या. काम संपल्यावर एकाही इमारतीत वॉचमनने मला आत सोडले नाही. ह्या लोकांनी स्वतःला बसायला जागा केली.” आमच्यातले कुणी काही बोलले नाही.

ही वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करायला कायद्याने बंदी आहे, आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. पण नुसत्या कायद्याने दगड टिकत नाही. सांध्यात पिंपळाचे रोप रुजले की त्याची मुळे दगड फोडतात. जुन्या चुन्याच्या कामावर कुणी हौसेने सिमेंट थापले तर ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चुन्याच्या कामाला चुनाच लागतो, आणि तो मळणारा जाणता गवंडी लागतो. म्हणजे जुनी वास्तू वाचवायची तर आधी ते हुन्नर जाणणारा कारागीर जगला पाहिजे, त्याला पोटापुरती मजुरी मिळाली पाहिजे.

आमच्या धाकट्याने खिशातला खिळा काढला होता. त्याला दगडावर नाव कोरायचे होते. आजोबांनी त्याचा हात धरला. म्हणाले, “ज्यांनी बांधली त्यांनी आपले नाव नाही लिहिले. तू कशाला लिहितोस?” पोराने खिळा मुकाट्याने खिशात घातला.

नगरला जाल तेव्हा किल्ला पाहा, चांदबीबी महाल पाहा. पण अर्धा तास ह्या मशिदीसाठी राखून ठेवा. घरात कुणी गवंडी, पाथरवट, बिगारी असेल तर त्यांना बरोबर न्या, आणि दगड वाचून दाखवायचे काम त्यांनाच सांगा.