सर्वज्ञांना ठाऊक असेल, तर पुरुषार्थ कशाला?

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे कुलभूषण आणि देशभूषण या दोन मुनींचे निर्वाणस्थान. डोंगरावरील मंदिरांचे दर्शन घ्यावे, उतरताना येथील प्रसिद्ध पेढा बांधून घ्यावा आणि घरी परतावे, असा यात्रेकरूंचा परिपाठ आहे. या दोन मुनींची कथाही बहुतेकांनी प्रवचनात ऐकलेली असते. परंतु त्या कथेच्या पोटात एक अवघड प्रश्न आहे, तो मात्र सहसा ऐकणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. केवलींना पुढचे सारे आधीच दिसत असेल, तर माणसाच्या हातात काय उरते?

कथा जैन रामायणात येते. सातव्या शतकात रविषेणाचार्यांनी ती पद्मपुराणात सांगितली, बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात. हे दोघे राजपुत्र बालपणापासून गुरूकडे विद्या शिकत होते. शिक्षण संपवून नगरात परतताना त्यांनी गवाक्षात एक सुंदर कन्या पाहिली आणि दोघांच्याही मनात अभिलाषा जागली. ती आपलीच धाकटी बहीण आहे, हे कळताच दोघांना आपल्या मनाची लाज वाटली. त्या लाजेतून वैराग्य आले आणि त्यांनी दीक्षा घेतली.

पुढे अनंतवीर्य केवलींनी सांगितले, की त्यांच्यानंतर कुलभूषण आणि देशभूषण यांना केवलज्ञान होईल. हे वचन एका देवाच्या कानी पडले. पूर्वभवीचे वैर त्याच्या मनात धुमसत होतेच. केवलींचे वचनच खोटे पाडावे, या हेतूने तो वंशगिरीवर आला आणि ध्यानस्थ मुनींवर त्याने घोर उपसर्ग आरंभला. रात्री डोंगरावरून उठणाऱ्या भयंकर आवाजांनी पायथ्याचे लोक गाव सोडून पळू लागले. वनवासात असलेले राम, लक्ष्मण आणि सीता तेव्हा तेथे पोहोचले. लोक पळत होते त्या दिशेने न जाता ते डोंगर चढले. त्यांच्या पराक्रमापुढे देव पळून गेला, उपसर्ग टळला आणि त्याच वेळी दोन्ही मुनींना केवलज्ञान झाले.

भाकीत खरे ठरले, एवढेच या कथेचे तात्पर्य काढले तर तिचा गाभा हातून निसटतो. येथे कोणालाही कोणी दोरीने ओढलेले नाही. देवाला द्वेष करायला केवलींनी सांगितले नव्हते. रामाला त्यांनी पाठवले नव्हते. भाकिताची वार्ताही नसताना रामाने केवळ करुणेने आणि धैर्याने तो डोंगर चढला. मुनींची स्थिरता ही त्यांची स्वतःची साधना होती. केवलींनी हे सारे पाहिले, त्यातले काहीही घडवले नाही.

ईश्वराला जगाचा कर्ता मानणाऱ्या धर्मांपुढे हा प्रश्न अधिक बिकट होतो. तेथे जो जाणतो तोच निर्माण करतो आणि तोच शिक्षाही देतो. अमुक माणूस पाप करील हे ठाऊक असूनही त्याला घडवले, तर त्या पापाचा वाटेकरी कोण, असे विचारावेच लागते. युरोपात सहाव्या शतकात बोएथियस नावाच्या विद्वानाने मृत्युदंडाची वाट पाहत तुरुंगात याच प्रश्नावर ग्रंथ लिहिला. ईश्वर काळाच्या बाहेरून सर्व काही एकाच वेळी पाहतो, आणि पाहण्याने पाहिलेली गोष्ट सक्तीची होत नाही, असे त्याचे उत्तर होते. जैन दर्शनात सर्वज्ञ हे कर्ते नाहीत, ज्ञाता-द्रष्टा आहेत. त्यामुळे प्रश्नाचा अर्धा भार आरंभीच उतरतो.

उरलेला अर्धा मात्र प्रामाणिकपणे उचलावा लागतो. केवलींचे ज्ञान चुकू शकत नाही. मग उद्या सकाळी अमुक माणूस खरे बोलेल की खोटे, हे आजच निश्चित झाले नाही काय? येथे पासबुकाचे उदाहरण उपयोगी पडेल. खातेदाराने गेल्या महिन्यात रक्कम काढली, तशी नोंद झाली. ती नोंद आता बदलणार नाही. पण नोंद आहे म्हणून त्याने रक्कम काढली, असे कोणी म्हणत नाही. त्याने काढली म्हणून नोंद आहे. सामान्य माणसाला भूतकाळ जसा दिसतो, तसा केवलींना भविष्यकाळ दिसतो. ज्ञान ज्ञेयाच्या मागे चालते, ज्ञेय ज्ञानाच्या मागे नाही. माणूस उद्या खोटे बोलण्याचा मोह आवरणार असेल, तर केवलींच्या ज्ञानात त्याचे खरे बोलणे आहे, आणि त्यामागचा मनोनिग्रहही आहे.

या विषयावर जैन विद्वानांत एकमत आहे असे नाही. विसाव्या शतकात सोनगढच्या कानजीस्वामींनी ‘क्रमबद्ध पर्याय’ या सिद्धांतावर भर दिला. प्रत्येक द्रव्याची प्रत्येक अवस्था आपापल्या क्रमाने, ठरल्या वेळीच प्रकट होते, असे त्याचे सार आहे. हा नियतिवादच झाला, असा आक्षेप अनेक पंडितांनी घेतला. पुरुषार्थही त्या क्रमातच आहे, त्याच्यावाचून क्रम पुरा होत नाही, असे त्यावर समर्थकांचे उत्तर आहे. वाद अजून मिटलेला नाही. पण पुरुषार्थ सोडून द्यावा, असे दोन्हींपैकी एकही बाजू म्हणत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

भगवान महावीरांच्या काळात मात्र तसे म्हणणारा पंथ होता, तो गोशालकाचा आजीविक पंथ. उपासकदशांग सूत्रात सद्दालपुत्र या श्रीमंत कुंभाराची कथा आहे. त्याच्या मालकीच्या पाचशे भट्ट्या-दुकाने होती आणि त्याची श्रद्धा आजीविक मतावर होती. भगवंतांनी त्याला विचारले, ही मडकी प्रयत्नाने झाली की प्रयत्नावाचून? प्रयत्न म्हणून काही नसतेच, सारे ठरलेले असते, असे तो म्हणाला. मग भगवंतांनी विचारले, कोणी तुझी मडकी चोरली, फोडली, किंवा तुझ्या पत्नीची छेड काढली, तर तू काय करशील? त्याला मारीन, ठार करीन, असे उत्तर आले. सारे ठरलेलेच असेल तर त्या माणसाचा अपराध कोणता, एवढे भगवंतांनी दाखवून दिले. सद्दालपुत्राला ते पटले आणि त्याने श्रावकव्रते घेतली.

ही कथा एका व्यापाऱ्याची आहे आणि ती व्यापाऱ्यालाच नेमकी लागू पडते. गिऱ्हाइकाने चेक परत आणवला तर ‘नियती’ म्हणून कोणी गप्प बसत नाही. भागीदाराने हिशेबात गफलत केली तर कोर्टाची पायरी चढली जाते. मात्र दुष्काळात पिचलेला शेतकरी उधारीची मुदत वाढवून मागतो, किंवा दुकानातला जुना गुमास्ता आजारी पडतो, तेव्हा ‘ज्याचे त्याचे कर्म’ हे वाक्य चटकन ओठांवर येते. स्वतःच्या नुकसानीला जबाबदार माणूस सापडतो आणि दुसऱ्याच्या दुःखाला फक्त कर्म सापडते, तेव्हा तो कर्मसिद्धांत राहत नाही. तो हात झटकण्याचा मार्ग होतो.

कर्मसिद्धांत तसा मुळातच नाही. समंतभद्राचार्यांनी आप्तमीमांसेत केवळ दैव मानणारा आणि केवळ पौरुष मानणारा असे दोन्ही एकांत नाकारले आहेत. सारे दैवानेच होत असेल तर मोक्षासाठी केलेला प्रयत्न वाया जाईल, आणि सारे पौरुषाने होत असेल तर प्रत्येकाचा प्रत्येक प्रयत्न सफळ व्हायला हवा. कर्मग्रंथही बांधलेल्या कर्माला दगडावरची रेघ मानत नाहीत. त्याची मुदत आणि शक्ती वाढते, तसेच घटते. सजातीय प्रकृतीत त्याचे संक्रमण होते. मुदतीआधी कर्ज फेडावे, तशी त्याची उदीरणाही होते. निकाचित कर्म तेवढे भोगावेच लागते. पण कोणते कर्म निकाचित आहे, हे सामान्य माणसाला कोठे ठाऊक असते?

खरी मेख येथे आहे. जंबूस्वामींनंतर या भरतक्षेत्रात कोणी केवली झालेले नाहीत. ‘होणार ते होणारच होते’ असे म्हणणारा माणूस जे पान वाचल्याचा आव आणतो, ते पान त्याच्या हाती कधी आलेच नाही. सर्वज्ञांना सारे ठाऊक आहे, या श्रद्धेतून ‘मलाही ठाऊक आहे’ असा निष्कर्ष निघत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे काही क्षणांत ढिगारा झाली, हजारो माणसे गेली. जमीन हलणे कोणाच्याही हाती नव्हते. पण त्यानंतर काय करायचे, ते माणसांच्या हाती होते. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्या मुलांचे कर्म काय, याचा खल करीत कोणी बसले नाही. पुढे जे शिकले, त्यांचे शिकणे केवलींच्या ज्ञानात असेल, तर त्यांना घेऊन गेलेली वाहने आणि त्यांना वाढणारे हातही त्याच ज्ञानात आहेत.

कुंथलगिरीवरच आचार्य शांतिसागर महाराजांनी १८ सप्टेंबर १९५५ रोजी देह ठेवला. दृष्टी मंदावल्यामुळे चालता-बसताना जीवदया नीट पाळता येणार नाही, म्हणून त्यांनी सल्लेखना स्वीकारली आणि ती ३६ दिवस चालली. तो अखेरचा दिवस केवलींच्या ज्ञानात असणारच. महाराजांना मात्र प्रत्येक सकाळी नव्याने त्याग करावा लागला. ज्या डोंगरावर एका देवाने केवलींचे वचन खोटे पाडण्यासाठी आपली सारी शक्ती वाया घालवली, त्याच डोंगरावर एका साधूने पुढचे काहीही न जाणता आपले व्रत शेवटपर्यंत पाळले. दर्शनाला जाणाऱ्याने पायऱ्या उतरताना पेढ्याबरोबर एवढेही घरी न्यावे.